आत्याबाई कालोलाइनेची जागा

होपोआतेच्या घराण्यात कुणी वारलं, की रडायला बसण्याआधी एक काम करावं लागे. कालोलाइनेला कळवावं लागे. ती येऊन प्रेताच्या उशाशी बसली नाही तोवर चटया आणणाऱ्यांना कळत नसे की त्या कुणापुढे ठेवायच्या, भाषण करणाऱ्यांना कळत नसे की तोंड कुणाकडे करायचं, आणि मागच्या छपरात डुकरं भाजणाऱ्यांना कळत नसे की पहिलं डुक्कर कुणाचं. एकट्या मेलेल्याचं काही अडत नसे.

आमच्या तोंगा बेटांवर बहीण भावापेक्षा वरची. थोरली बहीण तर फारच वरची. कालोलाइने तिघा भावंडांत थोरली, म्हणून दोन्ही भावांच्या मुलांची आत्या, आणि आत्या म्हणजे फाहू: हक्काने मागणारी आणि हक्काने नेणारी. भावाच्या परसातली कोंबडी परक्याने उचलली तर तिला चोरी म्हणतात, कालोलाइनेने उचलली तर मान म्हणतात. कोंबडीला दोन्ही सारखंच.

हा मान तिने कधी गंजू दिला नाही. मधला भाऊ कितिओने, त्याच्या मुलाने ऑकलंडहून फ्रीज पाठवला. बंदरावरून तो कितिओनेच्या ओसरीपर्यंत आला आणि दुपारभर तिथे विसावला. कालोलाइने सहज म्हणून आली, त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती पांढरा आहे नाही?" एवढंच. दुसऱ्या दिवशी फ्रीज तिच्या घरी होता आणि कितिओनेची बायको पुन्हा विहिरीच्या पाण्यात दूध गार करत होती. धाकटा सेमिसी. जपानला भोपळे पाठवून सगळं गाव श्रीमंत व्हायला निघालं त्या वर्षी त्याने गाडी घेतली. पुढची जागा अर्थातच कालोलाइनेची. पुढच्याच वर्षी जपान्यांना आमचे भोपळे नकोसे झाले, गाडी आंब्याखाली उभी राहिली, तिच्यात कोंबड्या राहू लागल्या. तेव्हा मात्र पुढच्या जागेवरचा हक्क तिने मोठ्या मनाने सोडून दिला.

तिच्या नवऱ्यालाही बहिणी होत्या. त्यांच्यापुढे हीच कालोलाइने खालची, म्हणजे तिकडे कुणी गेलं की हिने छपरात बसून अळूचे कांदे सोलायचे. पण देवाची लीला अशी की नवऱ्याच्या घराण्यात कुणी वारायचं त्याच सुमारास हिची कंबर धरायची. चर्चमधल्या बायका म्हणत, "कालोलाइनेच्या कमरेला बरोबर कळतं, कुठल्या घरचं मरण आहे ते."

सगळ्यांत जास्त सोसलं ते सेमिसीच्या बायकोने, सिउतितीने. सिउतितीची चटई बारीक विणीची. केतकीची पानं उकळायची, समुद्रात बुडवून ठेवायची, उन्हात पांढरी करायची, आणि मग महिनोन् महिने मान मोडून विणायची. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत एक चटई. ती कुठल्या तरी लग्नात किंवा मर्तिकात ठेवायची आणि ती उचलून न्यायची नणंदेने. सिउतितीच्या हातच्या इतक्या चटया कालोलाइनेच्या गादीखाली थर लावून पडल्या होत्या, की पलंगावर चढायला नवऱ्याला पेटी लागायची. तरी सिउतितीची तक्रार नसे. वन्संनी नेलेली चटई पुढच्या मरणाला वन्सं दुसरीकडे देतात, तिथून ती तिसरीकडे जाते, आणि गावभर हिंडून कधीतरी, कडा झिजलेली, आपल्याच उंबऱ्यावर परत येते. तोंगातली बँक ती हीच. हिच्यात भरणाऱ्याला पासबुक मिळत नाही, एवढंच.

कालोलाइनेची जागा मात्र दिसायची तितकी पक्की नव्हती. होपोआते म्हातारा तिचा बाप. त्याला एक थोरली बहीण होती, लुसेईनी. मान बहिणीच्या वंशाने वर चढतो. म्हणजे लुसेईनीची मुलगी, तिची मुलगी, ह्या सगळ्या कालोलाइनेच्याही वर. उशाची जागा खरी त्यांची. पण लुसेईनीचं सगळं गोत फार पूर्वी न्यूझीलंडला गेलं आणि तिकडेच राहिलं. कालोलाइने दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना करी: देवा, त्यांना तिकडे सुखात ठेव. तिकडेच ठेव.

आणि मग कितिओने वारला. रविवारचं भरपेट जेवण करून झोपला तो उठलाच नाही. गावाच्या मते मरण यावं तर असं. कालोलाइने भावासाठी खरंखुरं रडली, त्यात खोट नव्हती. रडणं आवरून ती पेटीतून कमरेला गुंडाळायची आपली मर्तिकाची चटई काढत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"मावशी का? मी ओफेइना. लुसेईनी आजीची नात. मामांचं कळलं. मी उद्याच्या विमानाने येतेय. तू न्यायला येशील ना?"

 "अगं, एवढ्या लांबून कशाला त्रास?" कालोलाइने म्हणाली.

"त्रास कसला? आई गेल्यावर आता मीच ना सगळ्यांत थोरली?"

"हो ना," कालोलाइने म्हणाली, "तूच."

ओफेइना चार वर्षांची असताना गाव सोडून गेली होती. आता ती पन्नाशीला आलेली, जाडजूड, हसतमुख बाई होती. ऑकलंडला म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला होती. तिला गावात ओळखणारं कुणी नव्हतं. विमानतळावरून कालोलाइनेने तिला सरळ आपल्या घरी नेलं, फ्रीजमधलं गार नारळपाणी दिलं, आणि हळूच चाचपणी सुरू केली.

"काय गं पोरी, तुला इथले रीतिरिवाज ठाऊक आहेत ना?"

"थोडेफार. आई सांगायची, तिथे आपला फार मोठा मान आहे म्हणून. नेमकं काय करायचं असतं ते तूच सांग."

कालोलाइनेचा जीव भांड्यात पडला. ओफेइनाने पिशवीतून कमरेला गुंडाळायची चटई काढली. लहानशी, तलम, कडेला लोकरीची नक्षी. अगदी फाहूने घालावी तशी.

"ही?" कालोलाइने हसली. "ही नाचाच्या कार्यक्रमाला ठीक आहे. मर्तिकाला ही घालून गेलीस तर लोक म्हणतील, ऑकलंडच्या दुकानातून आली."

"मग?"

"आमच्याकडे चटई जितकी जुनी, जितकी फाटकी, तितकी मानाची. हे तरी ठाऊक आहे ना?"

"हो, हो! आमच्या चर्चमध्येही सांगतात."

इथेच खरी मेख होती. चर्चमध्ये सांगतात ते लग्नाचं, सणाचं. तिथे पणजीच्या वेळची झिजलेली चटई म्हणजे शान. मर्तिकाला सगळं उलटं. मेलेल्यापेक्षा जो खालचा, त्याने मोठी, विटकी, चिंध्या झालेली चटई छातीपर्यंत गुंडाळायची. जो वरचा, त्याने छोटी आणि नीटस. चटई पाहिली की माणूस कुठे बसणार ते कळतं. अर्धं ज्ञान घेऊन आलेल्याला फसवणं सोपं. काहीच ठाऊक नसतं तर ओफेइनाने चार जणींना विचारलं तरी असतं.

कालोलाइनेने कोपऱ्यातून एक चटई ओढून काढली. नवऱ्याच्या घरच्या मरणांसाठी ठेवलेली ही चटई कंबरदुखीमुळे कधी वापरलीच गेली नव्हती, आणि उंदरांनी तिचा यथेच्छ समाचार घेतला होता.

"ही घे. घराण्यातली सगळ्यांत जुनी. मी स्वतः घालणार होते, पण तू आलीस. तुझा हक्क."

ओफेइनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, किती गं तुझं मन मोठं!"

"अगं, मी कोण? मी आपली कोपऱ्यात बसणारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव भरला. उशाशी कालोलाइने बसली. लहानशी तलम चटई, ताठ कणा, हातात पंखा. ओफेइना दारात आली, तशी स्वागताला उभ्या असलेल्या बायकांनी तिच्या काखेपर्यंत आलेल्या चिंध्यांकडे एकदा पाहिलं आणि, दुसरं काही विचारण्याची गरजच नसल्यामुळे, तिला परसाकडचा रस्ता दाखवला. ओफेइनाला वाटलं, मानाच्या लोकांना मागच्या दाराने नेत असतील.

छपरात धूर होता, हसणं होतं. भुईतल्या भट्टीवर पानं अंथरली जात होती. कुणीतरी तिच्या हातात सुरी दिली, कुणी अळूच्या कांद्यांची टोपली पुढे सरकवली. ओफेइना सोलायला बसली. आश्रमात शंभर म्हाताऱ्यांचे बटाटे सोललेला हात तो. घटकाभरात तिच्यापुढे ढीग लागला.

"हात काय भराभर चालतो गं हिचा!" एक जण म्हणाली. "कोणाची तू?"

"पाहुणी दिसतेय," दुसरी म्हणाली. "गावातली असती तर एव्हाना दोनदा पाणी प्यायला उठली असती."

सगळ्या खिदळल्या. सिउतिती नारळाचं दूध पिळत होती. तिने मान वर केली. "खरंच, कुणाकडची गं तू?"

"मी ऑकलंडची. लुसेईनीची नात."

"कुठली लुसेईनी? खालच्या आळीतली? तिला तर मूल नव्हतं."

"नाही हो. होपोआते आजोबांची थोरली बहीण ती."

 भट्टीतला दगड तडकला.

"पोरी," सिउतिती अगदी हळू म्हणाली, "तो कांदा खाली ठेव."

"हा एवढा सोलते आणि..."

"ठेव म्हणते ना! आमच्या पोराबाळांच्या अंगावर फोड उठवतेस का आता?" आणि मग तिला आठवलं की आपण कुणाशी बोलतोय. ती झटकन खाली वाकली. "चुकले, बाई, चुकले. पण ठेवा तो."

बाकीच्या सगळ्या वाकल्या. एकीच्या हातात डुकराचा पाय होता, तो घेऊनच ती वाकली. ज्या बाईपुढे त्यांनी पाठ फिरवायची नाही, जिच्या ताटातलं उरलेलं शिवायचं नाही, शिवलं तर पोराबाळांना फोड येतात म्हणतात, तिने सकाळपासून त्यांचे कांदे सोलले होते. आणि वर त्या तिच्या भराभर चालणाऱ्या हातावर खिदळल्या होत्या.

"ही चटई कोणी दिली तुम्हाला?" सिउतितीने विचारलं. खरं म्हणजे तिने आतापर्यंत ओळखलंच होतं. उंदरांनी खाल्लेल्या त्या कोपऱ्याची वीण तिच्या स्वतःच्या हातची होती, आणि ती चटई वन्संनीच नेली होती.

"मावशीनं. घराण्यातली सगळ्यांत मानाची म्हणाली."

एकीने पदर तोंडात कोंबावा तसा मुठीचा बोळा तोंडाशी धरला. "कंबर," ती पुटपुटली, "आज कंबर बरी दिसतेय आत्याबाईंची."

सिउतितीला काय वाटलं ते तिलाच सांगता आलं नसतं. तीस वर्षं ती ज्या बाईपुढे वाकली, तिला एका वाक्यात खाली आणता येणार होतं, आणि ते वाक्य खोटंही नव्हतं. तिने हात पुसले. "चला," ती म्हणाली, "तुमची जागा इकडे नाही."

मांडवात उमरावांच्या वतीने बोलणारे मातापुले काउफाना उभे होते. कितिओनेच्या वंशाची कहाणी ते महाप्रलयापासून सुरू करून आता कुठे आजोबांपर्यंत आले होते. पुढ्यात चटयांचे आणि झाडाच्या सालीच्या रंगीत कापडाचे ढीग पडले होते. तेवढ्यात परसाच्या दारातून सिउतिती आली, आणि तिच्यामागे धुराने काळवंडलेली, चिंध्या गुंडाळलेली, हातात सुरी तशीच राहिलेली ओफेइना.

"मातापुले," सिउतिती खाली बसून, मान खाली घालून, मोठ्या आवाजात म्हणाली, "ही ओफेइना. लुसेईनीच्या मुलीची मुलगी. ही मागे छपरात होती."

मातापुलेंनी आयुष्यात पहिल्यांदाच वाक्य अर्धं सोडलं. सगळा मांडव चटईकडे पाहू लागला, मग सुरीकडे, आणि मग एकजात कालोलाइनेकडे.

कालोलाइने उठली. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

"आलीस बाई!" ती म्हणाली. "किती वेळची वाट बघतेय. तुझी जागा गार पडू नये म्हणून मी बसून ऊब देत होते."

"पण तूच तर मला..." ओफेइना म्हणाली.

"पाहिलंत?" कालोलाइने मांडवाकडे वळली. "एवढ्या मोठ्या घरची, आणि खालच्यांचे कपडे घालून खालच्यांत जाऊन बसली. ह्याला म्हणतात नम्रता!"

मातापुले काउफाना जुने वाकबगार. बुडती होडी सावरायची हीच वेळ, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी तिथल्या तिथे नम्रतेवर भाषण सुरू केलं आणि लुसेईनीच्या तीन पूर्वजांना असंच वागायला लावलं. पूर्वजांची तक्रार नव्हती. मांडवाने मान डोलावली. कुणालाच ह्यातला एक शब्द खरा वाटला नाही आणि सगळ्यांनाच तो आवडला.

ओफेइना उशाशी बसली. कालोलाइने एक हात खाली सरकली. एक हातच, पण चटया ठेवणारे आता तिच्यापुढून जात आणि पलीकडे ठेवत. तिच्या नाकासमोरून केतकीचा वास जायचा, पण चटई थांबायची नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

ओफेइनाचे पाय खुर्चीला सरावलेले. मातापुले महाप्रलयातून पुन्हा बाहेर पडेपर्यंत तिचा उजवा पाय मेला होता.

"मावशी," ती कुजबुजली, "हे किती वेळ?"

"आज, उद्या, आणि पुरून झाल्यावर दहा दिवस."

"बाई गं! आणि हा सगळा ढीग कोणाचा?"

"तुझा," कालोलाइने दात आवळून म्हणाली.

"सगळा?"

"सगळा. डुक्करसुद्धा."

ओफेइना हिशेब करू लागली. तिकडे तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. व्याह्यांपुढे ठेवायला चटया हव्या होत्या, आणि ऑकलंडमध्ये चटयांचे भाव ऐकून ती रात्री रडली होती. तिने ढिगाकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे.

"हे बघ मावशी," ती म्हणाली, "तू मला फसवलंस ते कळलंय मला. मी म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते, मला रोज कुणीतरी फसवतं. आपण एक ठरवू. मी इथे बसते, लोकांना दिसू दे माझी जागा. बदल्यात अर्ध्या चटया तुझ्या. नाहीतर तू इथे बस, माझ्या वतीने. आज, उद्या, आणि पुढच्या प्रत्येक मरणाला. पण चटया सगळ्या माझ्या. कंटेनरने ऑकलंडला."

"एकही ठेवायची नाही?"

"एकही नाही. डुक्कर तू घे."

कालोलाइनेने डोळे मिटले. लोकांना वाटलं, भावासाठी. अर्ध्या चटया म्हणजे आयुष्यभराचं गादीखालचं धन. पण त्या घेऊन बसायचं कुठे? एक हात खाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सिउतितीच्या डोळ्यांदेखत.

"सरक," ती म्हणाली.

ओफेइना उठली, लंगडत लंगडत परसाकडे गेली, आणि छपरातल्या बायकांच्या किंकाळ्या ऐकू आल्या, कारण तिने पुन्हा टोपलीला हात घातला होता. कालोलाइने उशाशी बसली. कणा ताठ केला. मातापुलेंनी खुलासा केला, की थोरलीने आपली जागा मावशीला बहाल केली आहे, हा नम्रतेचा कळस. कालोलाइनेने मानेनेच कळस स्वीकारला.

"सिउतिती," ती म्हणाली, "वारा घाल गं."

सिउतितीने पंखा घेतला. आता एकेक चटई येऊ लागली. कालोलाइने ती दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची, आणि पोस्टातला कारकून शिक्का मारून पुढे सरकवतो तशी मागच्या दाराकडे सरकवायची. तिथे ओफेइनाने गाठलेली दोन धट्टीकट्टी माणसं त्या उचलून ट्रकमध्ये रचत होती. मग आली सिउतितीची, ह्या वर्षीची, दुधासारखी पांढरी. सिउतितीचा पंखा थांबला.

"वन्सं, ह्या सगळ्या कुठे चालल्या?"

"ऑकलंडला."

"परत कधी यायच्या?"

कालोलाइनेने चटई कपाळाला लावली. जरा जास्तच वेळ लावली. "तिकडे गेलेलं काय परत येतं का गं?" ती म्हणाली आणि चटई सरकवली. "वारा घाल. थांबू नकोस."

सिउतिती वारा घालू लागली. मघाशी मांडवात खाली बसून आपणच मोठ्या आवाजात काय बोललो, ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं.